अक्षरी रुपये फक्त

इंग्रज आपल्याकडून काय काय घेऊन गेला, याची यादी आपण शाळेत असताना पाठ केलेली असते. त्यात आमच्या वऱ्हाडातल्या कापसाचे नाव बरेच वर असते. तो मागे काय ठेवून गेला याचीही यादी असते. रेल्वे, पोस्ट, क्रिकेट, टाय आणि सकाळचा चहा. पण जाताना तो जी क्रियाविशेषणे इथे विसरून गेला, त्यांची नोंद कुठल्याही इतिहासकाराने घेतलेली नाही. ॲक्चुअली, बेसिकली, ऑलरेडी आणि ओन्ली. वाशिमच्या पाटणी चौकात दहा मिनिटे कान उघडे ठेवून उभे राहा, चारही शब्द कानांवर पडतील. ‘ॲक्चुअली मी ऑलरेडी निघालोय’ असे जो मोबाइलवर सांगत असतो, तो बेसिकली अजून अंघोळीला गेलेला नसतो.

यातल्या पहिल्या तिघांशी माझे काही भांडण नाही. ते पाहुणे आहेत. येतात, वाक्याच्या ओसरीवर बसतात, चहा पिऊन जातात. त्यांनी आल्याने अर्थात भर पडत नाही आणि गेल्याने घट होत नाही. ‘ओन्ली’ची गोष्ट वेगळी. ‘ओन्ली’वर माझे पोट आहे. बँकेच्या काउंटरमागे बसून मी गेली वीस वर्षे येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच उपदेश करीत आलो आहे : रकमेच्या शेवटी ‘ओन्ली’ लिहा, मराठीत लिहीत असाल तर ‘फक्त’ लिहा. संतांनी नामाचा जप सांगितला, मी ‘फक्त’चा सांगतो. त्यामुळे या शब्दाचे सध्या जे हाल चालले आहेत ते माझ्याने बघवत नाहीत.

हाल करणारे तीन प्रकारचे आहेत. पहिले, दुसऱ्याच्या तोंडी ‘ओन्ली’ चुकीच्या जागी आला की फिदीफिदी हसणारे. दुसरे, दुसऱ्याच्या पैशाला ‘फक्त’ म्हणणारे. आणि तिसरे, स्वतःच्याच नावामागे ‘फक्त’ लावणारे. पहिल्यांशी मी भांडणार आहे, दुसऱ्यांशी कडाक्याने भांडणार आहे, आणि तिसऱ्यांपुढे हात जोडणार आहे.

पण भांडणाआधी मुद्देमाल दाखवला पाहिजे. ‘फक्त’ लिहायचे कशाला, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. मागे एक म्हातारे बाबा सोयाबीनचे पैसे काढायला आले. स्लिप मी भरून दिली आणि रीतीप्रमाणे वाचून दाखवली, ‘अक्षरी रुपये चाळीस हजार फक्त.’ शाई लावलेला अंगठा बाबांनी मागे घेतला.

‘फक्त काऊन लिवलं, साहेब?’

‘लिहावं लागतं, बाबा.’

‘चार महिने राबलो न बाप्पा. घरचे पाच माणसं राबले. तवा कुठं चाळीस हजार दिसले. अन् तुमी म्हनता फक्त?’

मागची रांग हसली. मला मात्र हसण्यासारखे काही दिसले नाही, कारण प्रश्न बिनतोड होता. मराठीत ‘फक्त’ म्हटले की त्याला ‘एवढेच?’ असा सूर लागतो. ‘फक्त चाळीस?’ असे परीक्षेच्या मार्कांबद्दल बाप विचारतो तेव्हा पोराच्या पोटात गोळा येतो, तो त्या चाळीसमुळे नव्हे. तो ‘फक्त’मुळे येतो. मी बाबांना म्हटले, ‘गोठ्यात गुरं बांधली की तुम्ही दाराला अडसर घालता ना?’

‘घालतो न.’

‘तो काय गुरं कमी आहेत म्हणून?’

‘नाही. रातच्याला बाहेरचं कोनी अंदर येऊ नये म्हून.’

‘तसाच हा फक्त. चाळीस हजाराच्या पुढं कोणी काही घुसवू नये म्हणून घातलेला अडसर.’

बाबांनी क्षणभर विचार केला, अंगठा उठवला आणि म्हणाले, ‘मंग दोनदा लिवा न!’

‘फक्त’चे सगळे शास्त्र एवढेच आहे. हा शब्द रक्कम लहान आहे असे सांगत नाही. तो रक्कम संपली असे सांगतो. म्हणून तर तीन कोटींच्या कर्जमंजुरीच्या पत्रातही ‘रुपये तीन कोटी फक्त’ असेच येते, आणि ते वाचून कर्जदाराच्या भावना दुखावल्याचे ऐकिवात नाही.

अडसर नसेल तर काय होते ते पाहा. इंग्रजीत ‘सिक्स’ किंवा ‘सेव्हन’च्या शेपटाला दोन अक्षरे जोडली की साठ आणि सत्तर होतात. ‘एट’ला तर एकाच अक्षरात ऐंशीचा मान मिळतो. मराठी याहून उदार. ‘पाच’च्या पुढे जागा सोडा, कोणीही येऊन ‘शे’ लिहील. फार मनावर घेतलेच तर ‘हजार’ लिहील. आणि बँक वाचते अक्षरेच. १८८१ सालचा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट आहे. मराठीत त्याला परक्राम्य संलेख अधिनियम म्हणतात. हे नाव न अडखळता म्हणणाऱ्याला बढती द्यावी अशी माझी जुनी सूचना आहे. त्याचे अठरावे कलम सांगते की, आकडा आणि अक्षर यांत तफावत पडली तर अक्षरात लिहिलेली रक्कम खरी धरावी. गंमत अशी, की अक्षरापुढे ‘फक्त’ लिहाच, असे त्या कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. ‘फक्त’ नसलेला चेकही वटतो. ही शहाण्या माणसांनी पाडलेली चाल आहे. ‘शहाणी माणसे’ असे मी म्हणतो तेव्हा त्यात आधी पोळलेली माणसे आली.

पोळण्याचा एक प्रसंग तर कायद्याच्या पुस्तकांत जाऊन बसला आहे. लंडनमध्ये मॅकमिलन अँड आर्थर नावाची पेढी होती. तिथल्या कारकुनाने (बँकेतल्या नव्हे, पेढीतल्या, हे मी मुद्दाम सांगतो) किरकोळ खर्चासाठी दोन पौंडांचा चेक म्हणून एक चेक भागीदारापुढे सहीला ठेवला. अक्षरी रकमेची जागा कोरी. आकड्यात एकुलता एक दोन, आणि त्याच्या दोन्ही अंगांना ऐसपैस मोकळी जागा. भागीदार बाहेर निघण्याच्या गडबडीत. सही झाली. कारकुनाने दोनाच्या आधी एक लिहिला, नंतर शून्य लिहिले, कोऱ्या जागेत अक्षरी ‘एकशेवीस पौंड’ भरले आणि बँकेतून तेवढे पैसे उचलले. पेढी म्हणाली, नुकसान बँकेने सोसावे. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि १९१८ साली निकाल लागला : चेक लिहिताना काळजी घेणे हे खातेदाराचे कर्तव्य आहे, तेव्हा नुकसान पेढीने सोसावे. रक्कम अक्षरात लिहून पुढे एक ‘ओन्ली’ टाकायला किती शाई लागली असती? तेवढ्या शाईवाचून एकशे अठरा पौंड गेले, आणि वर वकिलांची फी.

हे शहाणपण काही साहेबाने आपल्याला शिकवलेले नाही. ‘फक्त’ हा शब्दच मुळात अरबी. फारसीचे बोट धरून तो आपल्या दफ्तरात आला. उर्दू पत्राच्या शेवटी ‘फक्त’ लिहिण्याची जुनी चाल आहे. अर्थ असा, की पत्र संपले. याच्या खाली काही दिसले तर ते माझे नव्हे. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या शेवटी जी छोटी मुद्रा उमटवीत, तिच्यावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे असत. मजकुराची मर्यादा इथे झाली, हेच तिचे सांगणे. पेशवाईतल्या पत्रांच्या शेवटी ‘लेखनसीमा’ येते, तिचेही काम तेच. म्हणजे मी काउंटरवर ज्याला ‘फक्त’ म्हणतो, त्याची एके काळी मुद्रा होती आणि तिला राजाच्या पत्रावर जागा होती. काही जण ‘फक्त’च्या ऐवजी ‘मात्र’ लिहितात. तोही संस्कृतातून आलेला चांगल्या घरचा शब्द आहे. पण मराठीत त्याला एक वाईट सवय लागली. ‘पैसे देतो, मात्र पुढच्या महिन्यात’ असे म्हणायलाही तोच उपयोगी पडू लागला. म्हणून मी आपला ‘फक्त’च सुचवतो.

आता पहिले भांडण.

आमच्याकडे जिल्हाभर इंग्लिश स्पीकिंगचे क्लासेस निघाले आहेत. अशाच एका क्लासमध्ये शेजाऱ्यांच्या मुलाने ‘आय ॲम फ्रॉम वाशिम ओन्ली’ असे वाक्य टाकले. सर हसले, म्हणून वर्ग हसला. मुलगा घरी आला तो तोंड पाडून. सरांचे म्हणणे असे, की हे इंग्रजी नव्हे. बरोबर आहे. हे इंग्रजी नव्हेच. हे मराठी आहे. त्याने इंग्रजी कपडे घातले आहेत एवढेच. त्या मुलाला म्हणायचे होते, ‘मी वाशिमचाच.’ आणि ‘च’ला इंग्रजीत काय म्हणतात ते सरांनी तरी कुठे सांगितले होते?

हा ‘च’ म्हणजे काय चीज आहे, याची आपल्याला कल्पना नाही. एक साधे वाक्य घ्या : ‘मी काल त्याला पैसे दिले.’ यात अगदी शांतता आहे. आता ‘च’ सोडा. ‘मीच काल त्याला पैसे दिले.’ म्हणजे तू दिले नाहीस. भावाभावांचे भांडण सुरू. ‘मी कालच त्याला पैसे दिले.’ म्हणजे आज पुन्हा आला तर दारातून लावून दे. ‘मी काल त्यालाच पैसे दिले.’ म्हणजे बायकोच्या हाती दिले नाहीत. आता त्यांच्या घरात रामायण. ‘मी काल त्याला पैसेच दिले.’ म्हणजे धान्य दिले नाही. आणि ‘मी काल त्याला पैसे दिलेच.’ म्हणजे घरचे सगळे नको नको म्हणत असताना. एका अक्षराने पाच खटले उभे केले. शाळेच्या व्याकरणात याला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणतात. शुद्ध अशासाठी, की ज्याला चिकटेल त्याचे रूप तो बिघडवीत नाही. ‘घर’ला ‘पुढे’ लागले की ‘घरापुढे’ करावे लागते. ‘च’ लागला तर ‘घरच’ राहते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर प्रोसेसिंग चार्ज नाही.

असा ‘च’ ज्याच्या जिभेवर जन्मापासून बसला आहे, तो इंग्रजी बोलताना त्याला कुठे ठेवणार? त्याने हाताशी मिळालेला ‘ओन्ली’ घेतला आणि मराठीच्या सवयीने शब्दामागे लावला. आणि शब्दामागे ‘ओन्ली’ लावायला साहेबाला तरी कुठे बंदी होती? डब्यावर ‘लेडीज ओन्ली’ लिहिलेले चालते. क्लबाच्या दारावर ‘मेंबर्स ओन्ली’ चालते. आम्ही चेकच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा ओढून ‘अकाउंट पेयी ओन्ली’ लिहितो, त्याचा अर्थ काय? पैसे ज्याच्या नावाने आहेत त्याच्याच खात्यात. पाहा, त्याच्याच! एकाच चेकवर रकमेपुढचा ‘ओन्ली’ म्हणजे ‘फक्त’ आणि कोपऱ्यातला ‘ओन्ली’ म्हणजे ‘च’. इतकी वर्षे हे दोघे एका कागदावर सुखाने नांदत आहेत, आणि सर मात्र हसतात.

‘ओन्ली’च्या जागेवरून खुद्द इंग्लंडातही मारामाऱ्या झालेल्या आहेत. फाउलर नावाच्या पंडिताने १९२६ साली इंग्रजीच्या वापराचा कोश काढला, त्यात त्याने या शब्दावर लिहिले आहे. अर्थ सरळ कळत असताना ‘ओन्ली’ला बोलण्यातल्या सहज जागेवरून उठवून तथाकथित शुद्ध जागेवर बसवू पाहणारे जे लोक असतात, त्यांनाच त्याने झापले आहे. आणि आपल्याकडे रमा बिजापूरकरांनी भारतीय ग्राहकावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते २००७ साली ‘वुई आर लाइक दॅट ओन्ली’ या नावाने निघाले. म्हणजे पुस्तकाच्या पाठीवर छापला की हा ‘ओन्ली’ मार्मिक ठरतो आणि मंगरुळपीरच्या पोराच्या तोंडून आला की गावंढळ.

माझे म्हणणे एवढेच आहे, की मुलगा मुंबईला मुलाखतीला जाणार असेल तर तिथे चालणारा ‘ओन्ली’ त्याला जरूर शिकवावा. बाहेरगावी जाताना आपण इस्त्रीचा शर्ट घालतोच. पण घरच्या सदऱ्याला हसण्याची फी घेऊ नये.

दुसरे भांडण पैशाचे आहे, म्हणजे खरे भांडण आहे.

‘फक्त ९९९ रुपयांत!’ ‘महिन्याला फक्त २४९९!’ वर्तमानपत्र उघडले की अंगावर ‘फक्त’चा सडा पडतो. मला सांगा, हे ‘फक्त’ कोणी लिहिले? विकणाऱ्याने. आणि ९९९ रुपये कोणाच्या खात्यातून जाणार? माझ्या. मग माझ्या पैशाला ‘फक्त’ म्हणणारा हा कोण? चेकवर ‘फक्त’ लिहितो तो ज्याचा पैसा आहे तो माणूस. ते लिहिण्याचा अधिकार त्याचा आहे. दुसऱ्याने येऊन माझ्या गोठ्याला अडसर घालायचा नसतो. आणि जाहिरातीतला ‘फक्त’ अडसरही नसतो. खऱ्या ‘फक्त’नंतर काही येत नाही, जाहिरातीतल्या ‘फक्त’नंतर एक चांदणी येते, आणि पानाच्या तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत ‘अटी लागू’ येते. याच्यापेक्षा चहाच्या टपरीवरचा तो बोलका डबा बरा. गिऱ्हाइकाने मोबाइलवरून पैसे दिले की तो खणखणीत आवाजात सांगतो, दहा रुपये प्राप्त झाले. ‘फक्त दहा’ असे तो कधी म्हणत नाही. यंत्र असून त्याला कळते.

दुसऱ्याच्या पैशाला ‘फक्त’ म्हणण्याची सवय एकदा लागली की ती कुठवर जाते, तेही सांगतो. फेब्रुवारी २०२३ मधली गोष्ट, वर्तमानपत्रांत गाजलेली. सोलापूरच्या बाजार समितीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला एक रुपया. हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाता हाती उरले २ रुपये ४९ पैसे. व्यापाऱ्याने त्याबद्दल चेक दिला. २ रुपयांचा. तोही पुढच्या तारखेचा.

मी चेक हाताळणारा माणूस आहे. लाखांचे पाहिले, कोटींचेही लांबून पाहिले. पण या चेकवर अक्षरी रकमेपुढे काय लिहायचे ते मला सांगा. ‘रुपये दोन फक्त’? कागदावर सही व्यापाऱ्याची असेल. पण खर्ची पडले ते शेतकऱ्याचे चार महिने. आणि अडसर कशाला घालायचा? आत जनावरच नाही. हिशेबात चूक नव्हती म्हणे. नसेलच. हिशेब नेहमी बरोबरच असतो. मी कॉमर्सचा पदवीधर आहे, मला हे चांगले ठाऊक आहे. पण ज्या दिवशी ५१२ किलो कांद्यापुढे ‘रुपये दोन फक्त’ लिहिताना कोणाचाच हात अडखळला नाही, त्या दिवशी या शब्दाचा अर्थ बदलला. त्याआधी तो रकमेची राखण करीत होता. आता तो माणसाची किंमत सांगू लागला.

आणि म्हणून आता तिसऱ्या मंडळींपुढे हात जोडतो. यांत तुम्ही असाल, तुमच्या घरातले कोणी नक्कीच असेल.

खाते उघडण्याच्या फॉर्मवर व्यवसाय नावाचा एक रकाना असतो. समोर बाई बसलेल्या असतात. मी विचारतो, ‘व्यवसाय?’ बाई पदर सावरतात आणि म्हणतात, ‘काही नाही. फक्त गृहिणी लिहा.’ मी वीस वर्षे हे ऐकतो आहे. सांगणारी बाई पहाटे पाचला उठलेली असते. तिने दोन डबे भरलेले असतात, सासूबाईंची गोळी दिलेली असते, सिलिंडर किती तारखेला संपणार ते तिला तोंडपाठ असते. यांतल्या पुष्कळ जणी बचत गटाचा हिशेब ठेवतात, आणि तो पैशापैशाला जुळतो. आमच्या शाखेची रोकड ज्या दिवशी जुळत नाही, त्या दिवशी मला या बायांची हटकून आठवण येते. आणि एवढे सगळे करून उत्तर काय, तर ‘काही नाही’ आणि वर ‘फक्त’.

हे त्यांना कोणी शिकवले? सरकारनेही हातभार लावला आहे. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायांना काम न करणाऱ्यांत धरले होते, म्हणजे भिकारी आणि कैदी यांच्या पंगतीला. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एका अपघाताच्या भरपाईच्या निकालात यावर कडक ताशेरे ओढले. पुढे जानेवारी २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा बजावले, की भरपाई ठरवताना गृहिणीच्या कामाचे उत्पन्न धरलेच पाहिजे. म्हणजे न्यायालय ‘धरलेच’ म्हणते, तिथे ‘च’ लावते. आणि आमच्या काउंटरवर बाई अजून ‘फक्त’ लावते.

बाईच कशाला? ‘शिक्षण?’ ‘फक्त बारावी.’ ‘धंदा?’ ‘फक्त शेती.’ आमच्या जमातीचेही तेच. लग्नाच्या पंगतीत कोणी विचारतो, ‘कुठं असता?’ ‘बँकेत.’ ‘वा! मॅनेजर?’ ‘नाही, क्लार्क.’ ‘अच्छा, फक्त क्लार्क,’ असे म्हणून तो पुढची जिलबी उचलतो. २०२४ च्या करारात आमचे कस्टमर सर्व्हिस असोसिएट असे बारसे झाले. मोठ्या हौसेने एका सोयऱ्यांना नवे नाव सांगितले. ते म्हणाले, ‘म्हणजे क्लार्कच ना?’ फक्त गेला आणि च आला, एवढाच काय तो फरक.

गावाचेही आपण असेच करतो. पुण्याला गेलो आणि कोणी विचारले, ‘गाव कुठलं?’, तर आधी तो वाशिमचे वाशी करतो. ते दुरुस्त करून झाले की आपणच हळू आवाजात जोडतो, ‘अकोल्याजवळ, छोटंसंच आहे.’ अहो, छोटे काय? हे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याचे सोळावे लेणे या शाखेच्या हरिषेण राजाच्या मंत्र्याने, वराहदेवाने करवून घेतलेले. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून निघून आमचा जिल्हा झाला आणि २०१८ साली सरकारने त्याला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातले. म्हणजे मागे पडलेला, पण पुढे जाईल अशी आशा असलेला. सरकारी कागदालाही वाटते की या गावापुढे अजून काही लिहिले जाईल. आपणच ‘छोटंसंच’ म्हणून मोकळे होतो.

माझे म्हणणे फार सोपे आहे. चेकवर आपण ‘फक्त’ लिहितो आणि उरलेल्या कोऱ्या जागेवर आडवी रेघ ओढतो. कशासाठी? आता यापुढे काही वाढू नये म्हणून. पैशाच्या बाबतीत हे शहाणपण आहे, कारण त्या कोऱ्या जागेत जे वाढेल ते दुसरा कोणी वाढवणार आणि आपले जाणार. पण ‘फक्त गृहिणी’ म्हणणारी बाई, ‘फक्त बारावी’ म्हणणारा मुलगा आपल्या पुढच्या कोऱ्या जागेवर आपल्याच हाताने ती रेघ ओढत असतात. रक्कम पूर्ण झाली, इथून पुढे काही भर पडायची नाही, असे सही करून देत असतात. तिथे चोर कोण येणार आहे? आलेच तर चार चांगले शब्द येतील, एखादी परीक्षा येईल, एखादे दुकान येईल, पन्नाशीला शिकलेली सायकल येईल. येऊ द्या की! ती जागा मोकळी ठेवा.

तेव्हा ठरले. रकमेच्या अगदी अंगाला चिकटून ‘फक्त’ लिहा, पुढे रेघ ओढा, कोपऱ्यात ‘अकाउंट पेयी ओन्ली’ टाका. वाशिमच्या पोराने ‘वाशिम ओन्ली’ म्हटले तर त्याला जवळ बसवून दुसरी तऱ्हाही शिकवा. जाहिरातीत ‘फक्त’ दिसला की पानाच्या तळाची मुंगीची अक्षरे आधी वाचा. आणि माणसामागे ‘फक्त’ लावू नका, स्वतःच्या तर नाहीच नाही.

मी माझ्यापुरती अंमलबजावणी सुरू केली आहे. परवाच एका बाईंनी ‘फक्त गृहिणी लिहा’ म्हटले, तेव्हा मी पेन खाली ठेवले. म्हटले, ‘ताई, हा रकाना रकमेचा नाही. इथं फक्त लिहायचं नसतं. तो तुमच्या चेकबुकासाठी राखून ठेवा.’ मग अडसराची सगळी हकिकत सांगितली. रांग खोळंबली, साहेबांनी काचेतून दोनदा पाहिले. पण बाईंना पटले. त्या प्रसन्न हसल्या आणि म्हणाल्या, ‘खरंच हो. मग असं करा, नुसतं गृहिणी लिहा.’

भांडण बरेच लांबणार असे दिसते. ‘केवळ’ आणि ‘निव्वळ’ अजून बाकीच आहेत.